पीचला लाल चिठ्ठी

आमच्या घरमालकांसमोर ‘साधारण’ हा शब्द काढायची सोय नव्हती. भाजीवाली म्हणाली, “घ्या काका, साधारण अर्धा किलो भरंल,” की हे लगेच विचारत, “साधारण म्हणजे किती?” डॉक्टरांनी साधारण आठवड्याभरात बरं वाटेल म्हटलं तरी तेच. घर बघायला गेलो त्या दिवशी माझी बायको घाबरून बोलून गेली, “आम्ही साधारण तीन माणसं आहोत.” त्यांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग आमच्या सहा वर्षांच्या मुलीकडे पाहिलं, मनातल्या मनात बेरीज केली आणि म्हणाले, “तीनच आहात. साधारण कशाला?”

तरी घर मिळालं. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचा बंगला होता. खाली ते आणि काकू, वर आम्ही. आमची नावं लक्षात ठेवायची तसदी त्यांनी घेतली नाही. जिन्याखाली उभे राहून “अहो वरचे!” म्हणाले की आम्ही तिघंही गॅलरीत हजर होत असू.

चौतीस वर्षं त्यांनी ओझरच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढली होती. दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग मापायचे आणि पास-नापास ठरवायचं, हे काम. निवृत्त झाले तेव्हा कारखाना तिथेच राहिला, खातं मात्र ते घरी घेऊन आले. शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी सहा इंची स्टीलची पट्टी कायम. आमच्या न्हाणीघरातला नळ गळतो अशी तक्रार मी केली, तेव्हा ते स्टॉपवॉच घेऊन वर आले, बादलीशेजारी स्टूल टाकून बसले आणि मिनिटाला अकरा थेंब मोजून खाली गेले. नळ दुरुस्त व्हायला महिना लागला, पण थेंबांचा आकडा आम्हाला त्याच दिवशी लेखी मिळाला.

त्यांच्याकडे तीन रंगांच्या चिठ्ठ्या होत्या. पुठ्ठ्याच्या, एका टोकाला भोक, भोकात दोरा. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे दुरुस्त होण्यासारखं, लाल म्हणजे नापास. नोकरीत वापरायचे तशाच त्यांनी रविवार कारंज्याजवळच्या एका छापखान्यातून छापून घेतल्या होत्या. प्रत्येकीवर तीन रकाने: दोष, उपाय, फेरतपासणी. गेटच्या बिजागरीला पिवळी लटकत असे, इन्व्हर्टरला हिरवी. स्वतःच्या मुलीला सांगून आलेल्या सहा स्थळांना त्यांनी तोंडी लाल चिठ्ठी दिली. सातवं स्थळ मुलीने परस्पर पास करून टाकलं आणि ती पुण्याला निघून गेली. त्या जावयाची फेरतपासणी आम्ही राहायला आलो तेव्हाही चालूच होती.

असा माणूस पीच भाजायच्या नादाला लागला यात नवल नाही. नवल आहे ते आम्ही ते पीच खाल्ले याचं.

झालं होतं असं, की निवृत्तीनंतर दोघं कुलूकडे फिरायला गेले होते. तिथे एका बागवाल्याच्या घरी म्हातारीने चुलीवर अर्धा पीच भाजून यांच्या हातावर ठेवला. तो यांनी एका घासात, कुठलंही माप न काढता पास केला. काकू सांगायच्या, लग्नानंतर असं एकदाच झालं. नाशिकला परतल्यावर तोच पीच घरी पुन्हा जमवायचा, हा त्यांचा एककलमी कार्यक्रम झाला. आपल्याकडे माणूस वांगं भाजतो, कणीस भाजतो, फार तर पापड. फळ विस्तवावर ठेवलेलं गल्लीने पाहिलं नव्हतं. काका औषध बनवतात अशी बरेच दिवस समजूत होती, आणि धूर बघता ती कोणी दुरुस्त केली नाही.

शेगडीवर ठेवायची जाळी त्यांनी अंबडच्या एका वेल्डरकडून करून घेतली आणि दोन गजांमधलं अंतर सगळीकडे सारखं नाही म्हणून दोनदा परत पाठवली. तिसऱ्यांदा वेल्डर स्वतः येऊन, हात जोडून ठेवून गेला. मे महिन्यात कॉलेज रोडच्या फळवाल्याकडे हिमाचलचे पीच दिसू लागले की हे पट्टी घेऊन निघत. एकेक फळ अंगठ्याने दाबून बघत. दाबलं गेलं की परत. भाजायला कडक फळ लागतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. कडक म्हणजे किती ते तिथे दिलेलं नव्हतं, म्हणून ते सगळ्यात कडक निवडत. घरी आणून फ्रिजमध्ये चार अंशांवर ठेवत.

रविवारी सकाळी आठ वाजता गच्चीवर कार्यक्रम. काकू पीच चिरून, बी काढून, वरून लोणी लावून देत. हे वीतभर ज्वाळांवर जाळी ठेवून स्टॉपवॉच दाबत. एका बाजूला चार मिनिटं, दुसऱ्या बाजूला चार मिनिटं. साखर, मीठ, मध काही नाही. “चव झाकायची नाही,” म्हणत. झाकावी अशी चव त्यात नव्हतीच. वरून काळाठिक्कर, आत फ्रिजचा गारवा जसाच्या तसा, आणि दाताखाली कच्च्या बटाट्यासारखा करकर वाजायचा.

खाऊन झालं की आपल्या ताटलीला चिठ्ठी बांधून सही करायची. तिन्ही रंगांचे गठ्ठे समोर मांडलेले असत. ते स्वतः कधी चिठ्ठी लावत नसत. “स्वतः बनवलेला माल स्वतः पास करायचा नसतो,” हा त्यांचा पहिला नियम. काकूंनाही मत नव्हतं. पीच चिरत असल्यामुळे त्या उत्पादन खात्यात मोडत. “मला एकूणच मत नाही हो,” असं त्या माझ्या बायकोला एकदा म्हणाल्या आणि खाली जाऊन चिवडा खात बसल्या. तपासनीस उरलो आम्ही नवरा-बायको आणि शेजारच्या बंगल्यातले दातांचे डॉक्टर. डॉक्टर घास गालात धरून हिरवी चिठ्ठी बांधत आणि दवाखान्यात पेशंट थांबलाय म्हणून घाईने निघून जात. रविवारी त्यांचा दवाखाना बंद असे.

माझं म्हणाल तर मी विमा विकतो. जिना चढून धापा टाकणाऱ्या गृहस्थाला “तब्येत काय छान राखलीय तुम्ही” असं म्हणणं हा माझा धंदाच आहे. त्यामुळे मला हे जड गेलं नाही. मी डोळे मिटून “वा!” म्हणत असे. शिवाय आमचा भाडेकरार अकरा महिन्यांचा, म्हणजे दर खेपेला एक महिना मागे सरकणारा. पहिला जुलैत झाला, दुसरा जूनमध्ये, तिसरा मे महिन्यात व्हायचा होता. तिन्ही वेळा पीचचा हंगाम. आणि एवीतेवी जमलोच आहोत तर, असं म्हणून काका कराराचे कागद भाजण्याच्या कार्यक्रमानंतर गच्चीवरच काढत. हिरव्या चिठ्ठीवर सही केली की पाठोपाठ करारावर सही. यात कोणी काय समजायचं ते समजावं. आम्ही समजलो होतो.

तिसऱ्या वेळी तर घर टिकवणं फारच गरजेचं होतं. पाथर्डी फाट्याला आम्ही फ्लॅट घेतला होता आणि त्याचा ताबा पुढच्या एप्रिलशिवाय मिळणार नव्हता. मुलीची शाळा गल्लीच्या टोकाला, बायकोची नोकरी पाच मिनिटांवर. एका वर्षासाठी बिऱ्हाड हलवायचं म्हणजे सगळ्याच घडीचं वाटोळं. त्या रविवारी मी डझनभर पीच खायच्या तयारीने गच्चीवर गेलो होतो. चूक एकच झाली. सटाण्याहून आई आली होती आणि तिला मी सोबत नेलं.

आई कोणाकडे आठ दिवसांवर राहत नाही. माझ्याकडे तर सहाव्या दिवशीच पिशवी भरायला घेते. कारण विचारलं तर आपल्या अहिराणीत सांगते, “तुना घरमा बठ्ठा एकमेकले छान छान म्हणतस. मनं डोकं दुखस.” जिना चढताना मी तिला बजावलं, “खाऊन झालं की हिरवी चिठ्ठी बांधायची.” तिने विचारलं, “खायाना आधीच ठरेल शे का?” मी म्हटलं, “हो.”

काकांनी घड्याळ लावून पीच भाजला आणि तिच्या ताटलीत ठेवला. आईने एक घास घेतला. चावला. मग तो तळहातावर काढून, कापलेल्या कांद्याकडे बघते तसा निरखून पाहिला. डॉक्टरांचा घास गालात तसाच राहिला.

“ह्या लाल चिठ्ठ्या कसाले शेतस?” तिने काकांना विचारलं.

“नापास मालासाठी.”

“मंग हाईले लाल.”

“आई!” मी ओरडलो. मग काकांकडे वळून म्हणालो, “काका, तिला पीच माहीत नाही हो. सटाण्याला कुठे कोण खातं?”

“फळ माहीत नही,” आई म्हणाली, “पन कच्चं कळस ना.”

लाल गठ्ठ्यावरची कागदाची पट्टी छापखान्यातून आली तशीच होती. काकांनी खिशातली स्टीलची पट्टी आत सरकवून ती फाडली. एक चिठ्ठी काढली, पेनचं टोपण काढलं आणि गच्चीच्या फरशीवर आईसमोर मांडी घालून बसले. आईपेक्षा ते दोन वर्षांनी मोठे होते, तरी म्हणाले, “दोष सांगा आजी.”

“वरून जळी गयं. आत कच्चं शे. गार बी शे.”

त्यांनी चौकोनी अक्षरात लिहिलं. “उपाय?”

“आधी पिकाडा. आंबाले अढी घालतस ना, तसं तांदूळना डब्बामा तीन दिन ठेवा. मंग विस्तव इझू द्या, निखारावर राख चढू द्या. भरीतनं वांगं भाजतस तसं भाजा. वास सुटना का काढी ल्या.”

“वास सुटायला किती मिनिटं लागतील?”

“लागतीन साधारण,” आई म्हणाली.

मी डोळे मिटले.

“साधारण म्हणजे किती?”

“तुमले नाक शे ना?”

काकूंना हसू फुटलं. दोन वर्षांत त्यांना मोठ्याने हसताना मी ऐकलं नव्हतं. काकांनी मात्र मान खाली घातली आणि उपायाच्या रकान्यात लिहिलं: वास सुटेपर्यंत, साधारण. मग चिठ्ठी आईपुढे सहीसाठी धरली. कराराचे कागद त्या दिवशी पिशवीतून निघालेच नाहीत.

गच्चीवरून घरात आल्यावर मी आईवर तोंड सोडलं. काय गरज होती? एक हिरवा पुठ्ठा बांधला असता तर तुझं काय जाणार होतं? तुझ्या खरेपणापायी आम्ही आता बिऱ्हाड डोक्यावर घेऊन फिरायचं का? आईने पिशवी काढली आणि लुगडी भरायला घेतली. बायको मला गप्प बसायच्या खुणा करत होती, आणि मी मुलीसमोर, उघड्या खिडकीत, आपल्या आईला ओरडत होतो. ते आठवलं की अजून मला माझा राग येतो. तेवढ्यात खालून हाक आली.

“अहो वरचे! आजींना जाऊ देऊ नका. फेरतपासणी बाकी आहे.”

तीन दिवस काका तांदळाच्या डब्यापाशी घुटमळत होते. डबा उघडून बघायचा नाही, असं काकूंनी त्यांना ठणकावल्याचं आम्ही वरून ऐकलं. बुधवारी सकाळी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गच्चीवर गेलो. पीच मऊ झाले होते, हातात घेतले की बोटांना लव लागत होती. काकांनी निखारे पांढरे होऊ दिले. स्टॉपवॉच खिशातच होतं. दोनदा हात तिकडे गेला आणि दोनदा परत आला. ते शेगडीवर वाकून नाकाने हुंगत बसले, आणि खरं सांगतो, मला त्या बसण्याचं हसू येत होतं. मग वास सुटला. लोण्याचा, जळत्या साखरेचा, आणि मागून एक आंबूस-गोड. काका जवळजवळ ओरडले, “आजी, आला!”

या वेळी चमचा लावला की गर सुटत होता. आईने पूर्ण फोड खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाली, “आते बरं शे.” हिरवी चिठ्ठी तिने स्वतः मागून घेतली.

काकांनी आपली फोड खाल्ली. मग नियम मोडून काकूंना विचारलं, “तुला कसा वाटला?” काकूंनी विचार केला. इतक्या वर्षांनी मत विचारलं गेल्यावर घाई करण्यात अर्थ नव्हता. “तसाच आहे,” त्या म्हणाल्या, “कुलूसारखा.” काकांनी चष्मा काढून पुसला.

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी खिशातून जुन्या हिरव्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला.

“ही सही तुमचीच ना?”

“हो काका.”

“ते पीच कच्चे होते?”

“साधारण...”

“साधारण म्हणजे किती?”

“पूर्ण,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. “तीन हंगाम मी कोळसा बदलतोय, लोणी बदलतोय. मला प्रत्येक पीच कच्चाच लागायचा. पण तीन-तीन तपासनीस पास म्हणतायत, म्हणजे माझीच जीभ गेली असं वाटलं. मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी डोक्याचा फोटो काढायला लावला. हिला हे आज कळतंय.”

काकू खरोखरच आ वासून बघत होत्या. इतके दिवस मी त्यांना हसत होतो. बायकोला, ऑफिसात, गिऱ्हाइकांना त्यांच्या नकला करून दाखवत होतो. आणि हे माझ्या ‘वा’वर विश्वास ठेवून डोक्याचे फोटो काढून घेत होते. मला त्या गच्चीवरून नाहीसं व्हावंसं वाटलं.

“खोट्या सहीवर करार होत नाही,” काका म्हणाले. “तुमच्या नावाने आता होणार नाही.”

मी पाथर्डी फाट्याचं, शाळेचं, काहीतरी पुटपुटलो.

“आजींच्या नावाने होईल. पण करार ज्याच्या नावाने तो माणूस घरात राहिला पाहिजे. पूर्ण अकरा महिने. आठ दिवसांचा पाहुणा नाही चालणार.”

सगळे आईकडे बघायला लागले. ती माझ्याकडे बघत होती. रविवारी मी जे जे बोललो होतो ते सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं. मी म्हटलं, “राहा आई.” छान वगैरे काही जोडलं नाही.

“राहसू,” ती म्हणाली. “पन माले छान छान म्हनाले सांगू नका.”

अशा रीतीने वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी आईच्या भाड्याच्या घरात तिचा मुलगा म्हणून राहिलो. पोलिसांकडे द्यायच्या फॉर्मवर तसंच लिहिलं होतं. ते अकरा महिने सोपे गेले नाहीत. आईने माझा निळा कोट नापास केला, मुलीचं अक्षर नापास केलं, आणि मी गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत असलो की स्वयंपाकघरातून ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणायची, “हाई खोटं शे.” दोन गिऱ्हाइकांना मी शेवटी वैतागून सांगून टाकलं की ही पॉलिसी तुमच्या कामाची नाही. त्यातला एक अजून मला दिवाळीला फोन करतो. संध्याकाळी आई आणि काका खालच्या पायरीवर बसून गल्लीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांची तपासणी करत. दोघांचा निकाल बहुधा एकच असे. काकूही आता मधूनमधून मत देत, आणि ते काकांच्या विरुद्ध असे.

एप्रिलमध्ये आम्ही घर सोडलं. काका सकाळीच चिठ्ठ्या घेऊन वर आले. खिडक्यांना हिरवी, ओट्याला हिरवी, मुलीने भिंतीवर काढलेल्या हत्तीला बराच विचार करून हिरवी. न्हाणीघरातल्या नळाला पिवळी. आईला नमस्कार करून ते खाली गेले. मला फक्त म्हणाले, “जपून जा, वरचे.”

पाथर्डी फाट्याला सामान उतरवताना माझ्या ऑफिसच्या बॅगेच्या कडीला एक पिवळी चिठ्ठी बांधलेली सापडली. चौकोनी अक्षर. दोष: वरून पिकलेला, आतून कच्चा. उपाय: अकरा महिने आईजवळ ठेवणे. तिसरा रकाना, फेरतपासणीचा, कोरा होता.

त्या वर्षीचा पीचचा हंगाम नवं घर लावण्यातच गेला, पुढच्या हंगामात जाऊन तो भरून घ्यायचा असं मी ठरवलं होतं. काका त्या थंडीतच गेले. काकू आता पुण्याला मुलीकडे असतात. जावई पास झाल्याचं त्यांनी फोनवर सांगितलं.

आई सटाण्याला परत गेली. मे महिना आला की मी पीच आणतो, तीन दिवस तांदळात ठेवतो, शेगडीवर राख चढू देतो. बायको आणि मुलगी खातात आणि म्हणतात, “मस्त झालाय.” मी दोघींच्या तोंडाकडे बघत राहतो. पिवळी चिठ्ठी किल्ल्यांच्या खुंटीवर लटकवलेली आहे. एक-दोनदा पेन घेऊन तिच्यासमोर उभाही राहिलो. पण काय लिहिणार? स्वतः बनवलेला माल स्वतः पास करायचा नसतो.